आग लागण्याआधी आग पाहता येते का?
(संगणकावरील आग व स्फोटाच्या अभ्यासाची तोंडओळख)

— ऊसविकास अधिकारी, शेतकी विभाग



या सदरातून आम्ही नेहमी बेणे, लागवड, खोडवा, पाचट आणि तोडणी कार्यक्रम यांवर लिहीत असतो. या अंकात विषय जरा वेगळा घेतला आहे. कारखान्यात आग लागली किंवा स्फोट झाला तर तो कसा पसरेल, धूर कोठे जाईल, धग किती दूर पोहोचेल, हे आधीच संगणकावर मांडून पाहता येते. या पद्धतीला सिम्युलेशन म्हणतात. सोप्या मराठीत आपण तिला ‘नक्कल-गणित’ म्हणू.

हा विषय इंजिनिअरिंग खात्याचा, शेतकी खात्याने यात कशाला पडावे, असे काहींना वाटेल. आम्हालाही तसेच वाटत होते. परंतु मागच्या वार्षिक सभेत आसवनीच्या नव्या इथेनॉल टाक्यांचा विषय निघाला, त्याला जोडून अशा अभ्यासाच्या खर्चाचाही निघाला, तेव्हा मागच्या रांगेतून एक वडीलधारे सभासद उठून म्हणाले, “काहो साहेब, कंप्युटरनं आग इझते का?” सभा हसली. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पैसा सभासदांच्या उसाचा आहे. तो कशासाठी खर्च होतो हे विचारण्याचा त्यांना हक्कच आहे. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख.

१. आम्हाला हा विषय कोठे भेटला

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका कारखान्यात नोकरीस होतो. तोडणी टोळ्यांच्या कोप्यांसाठी जागा नेमून देण्याचे काम आमच्याकडे होते. आम्ही जागा निवडली ती पाण्याचा नळ जवळ, रस्ता जवळ, बैलांना सावली, एवढे पाहून. पलीकडे बगॅसचे ढीग होते, पण डिसेंबरात वारा उत्तर-ईशान्येकडून मंद वाहत होता आणि बगॅसचा भुरका कोप्यांकडे येत नव्हता. जागा चांगली आहे असा आमचा समज झाला.

मार्चमध्ये वारा फिरला. हंगाम संपत आलेला. एका रात्री बगॅसच्या ढिगाला आग लागली आणि सगळा धूर कोप्यांत शिरला. एका मुकादमाने आरडाओरड करून माणसे उठवली म्हणून अनर्थ टळला. दोन बैल दावणीलाच दगावले. एका बाळंतीण बाईला मुलासह दवाखान्यात न्यावे लागले, दोघे सुखरूप परत आली. आग कशी लागली याची चौकशी झाली. कोप्या तेथे कोणी घालायला लावल्या हे कोणी विचारले नाही. ते उत्तर आमच्याजवळ होते.

त्यानंतर काही वर्षांनी नागपूरला अग्निशमन अभियांत्रिकी शिकलेल्या एका स्नेह्यांकडे बसलो असता त्यांनी संगणकावर एका गोदामाची आग दाखवली. गोदाम खरे नव्हते, आगही खरी नव्हती. पण वाऱ्याची दिशा बदलली की धूर कसा दुसऱ्याच अंगाला लोळत जातो हे पडद्यावर पाहिले आणि आम्हाला ती मार्चची रात्र आठवली. तेव्हापासून आम्ही या विषयाची माहिती जमवत आहोत.

२. नागपूर आणि आगीचे शास्त्र

आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. या विषयातील देशाच्या महत्त्वाच्या संस्था नागपुरातच आहेत. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली रामपूर येथे सुरू झाले आणि १९५७ साली नागपूरला आले. देशभरातील अग्निशमन अधिकारी येथे शिकून जातात. पेट्रोलियम, स्फोटके आणि दाबाखालील वायू यांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे, मुख्यालयही नागपूरलाच आहे. पूर्वी तिला स्फोटक विभाग म्हणत. १९५८ साली स्थापन झालेली ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्थाही येथेच आहे.

शास्त्र जवळ आहे तसे दुःखही जवळ आहे. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूर जिल्ह्यात बाजारगावजवळच्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट होऊन ९ कामगार गेले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, त्यातही कामगार गेले. हे झाले दारूगोळ्याचे कारखाने. पण १ ऑगस्ट २०२० रोजी आपल्याच जिल्ह्यात बेला येथे, साखर कारखान्याच्या आवारात स्फोट झाला आणि ५ कामगार मृत्यू पावले. तेथे बायोगॅसच्या संयंत्राजवळ वेल्डिंगचे काम चालू होते. साखर कारखाना म्हणजे गोड धंदा, त्यात स्फोट कसला, असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही.

३. नक्कल-गणित म्हणजे नेमके काय

आपण वावरात पाणी देतो तेव्हा चारीतून वाफ्यात जेवढे पाणी आले, तेवढेच काही पुढच्या वाफ्यात गेले, काही जमिनीत मुरले आणि काही वर उभे राहिले. आलेल्या पाण्याचा हिशेब लागलाच पाहिजे. पाणी हवेत नाहीसे होत नाही आणि आपोआप वाढतही नाही.

संगणक आगीचा हिशेब असाच मांडतो. गोदामाची सगळी पोकळी तो लहान लहान घनाकार खोक्यांत वाटून टाकतो. हे त्याचे वाफे. प्रत्येक खोक्यात हवा किती आली, किती गेली, उष्णता किती आली, धूर किती साठला, दाब किती वाढला, याचा ताळा मांडतो. मग काळ सेकंदाच्या अगदी लहान अंशाने पुढे ढकलतो आणि पुन्हा सर्व खोक्यांचा ताळा मांडतो. असे लाखो वेळा केले की पाच-दहा मिनिटांच्या आगीचे चित्र तयार होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खोके जितके लहान तितके चित्र बारीक, पण काम फार वाढते. खोक्याची बाजू निम्मी केली तर खोक्यांची संख्या आठपट होते. शिवाय काळाचे पाऊलही निम्मे करावे लागते. म्हणजे काम सोळापट झाले. म्हणून चांगल्या अभ्यासाला कधी कधी संगणक दिवसचे दिवस चालवावा लागतो. ‘दोन मिनिटांत रिपोर्ट देतो’ असे कोणी सांगितले तर खोके किती मोठे घेतले हे त्याला जरूर विचारावे.

४. सर्व कामांना एकच अवजार नसते

नांगराने कोळपणी होत नाही. तसेच या सॉफ्टवेअरचे आहे. मुख्य प्रकार असे:

(अ) आग व धुरासाठी: ‘एफ.डी.एस.’ हे सॉफ्टवेअर अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेने तयार केले, २००० साली लोकांसाठी खुले केले, आणि ते फुकट मिळते. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात एका नाचगाण्याच्या क्लबला आग लागून १०० माणसे मेली. भिंतीवरच्या फोमने पेट घेतला होता. चौकशीत त्या सभागृहाच्या एका भागाची प्रतिकृती खरोखर पेटवून पाहिली आणि संगणकावरही पेटवली. छतावर पाण्याचे फवारे असते तर लोकांना बाहेर पडण्यापुरता वेळ मिळाला असता, असे त्यात दिसून आले. हे सॉफ्टवेअर स्फोटासाठी मात्र वापरायचे नाही.

(आ) वायूच्या स्फोटासाठी: नॉर्वेतील बर्गेन येथे ‘फ्लॅक्स’ हे सॉफ्टवेअर तयार झाले. समुद्रातील तेलाच्या फलाटांवर यंत्रे आणि नळ्या दाटीने असतात. अशा दाटीतून ज्वाला गेली की तिचा वेग वाढत जातो आणि दाबही वाढतो. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील ‘पायपर अल्फा’ या फलाटावर स्फोट व आगीत १६७ माणसे गेली, त्यानंतर या अभ्यासाला फार महत्त्व आले. धुळीच्या स्फोटासाठी या सॉफ्टवेअरची वेगळी आवृत्ती आहे.

(इ) गळती किती दूर जाईल हे झटपट पाहण्यासाठी: अमेरिकन सरकारी खात्यांनी तयार केलेले ‘अलोहा’ हे फुकट मिळते. टाकीचे माप, द्रव, तापमान व वारा सांगितला की नकाशावर धोक्याचे पट्टे काढून देते. त्याच कामासाठी ‘फास्ट’ हे विकत मिळणारे सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या वापरतात.

अलोहात धगीचे तीन पट्टे असतात. चौरस मीटरला २ किलोवॅट, ५ किलोवॅट आणि १० किलोवॅट. उघड्या अंगावर ती धग मिनिटभर लागली तर पहिल्या पट्ट्यात वेदना होतात, दुसऱ्यात फोड येण्याइतके भाजते, तिसऱ्यात जीव जाऊ शकतो. हे आकडे कसे समजून घ्यायचे? वैशाखातल्या भर दुपारी नागपूरचे ऊन चौरस मीटरला साधारण १ किलोवॅट असते. त्याच्या पाचपट उन्हात मिनिटभर उभे राहायचे, असे मनात आणा. दुसरी जमेची गोष्ट अशी की लांब गेले की धग झपाट्याने उतरते. अंतर दुप्पट केले तर धग ढोबळमानाने चौथाई होते. चार पावले मागे सरण्याची किंमत ही एवढी मोठी आहे.

५. कुंपणाच्या झाडांनी शिकवलेला धडा

११ डिसेंबर २००५ रोजी पहाटे इंग्लंडमध्ये बन्सफील्ड येथील तेल डेपोत एक टाकी भरून पेट्रोल बाहेर सांडत राहिले. पातळी दाखवणारे यंत्र अडकले होते. वारा पडलेला होता, थंडी होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती धुक्यासारखी जमिनीलगत पसरली आणि पेटली. सुदैवाने रविवार असल्यामुळे कोणी मेले नाही, पण ४० हून अधिक माणसे जखमी झाली.

तज्ज्ञ बुचकळ्यात पडले. मोकळ्या जागेत इतका प्रचंड स्फोट होऊ नये असे तोवरचे गणित सांगत होते. पुढे प्रयोग आणि संगणकाचे गणित जोडून पाहिल्यावर उलगडा झाला. रस्त्याच्या कडेला झाडाझुडपांचे दाट कुंपण होते. त्या फांद्याफांद्यांतून जाताना ज्वालेचा वेग वाढत गेला. उत्तर समुद्रातल्या फलाटावर जे काम नळ्यांनी केले, ते येथे झुडपांनी केले.

आपल्याकडे २९ ऑक्टोबर २००९ रोजी संध्याकाळी जयपूरजवळ सीतापुरा येथील तेल डेपोत जवळजवळ तेच घडले. पेट्रोल तासाभराहून अधिक वेळ गळत राहिले, हवा शांत होती, वाफ पसरली, स्फोट झाला. दहाहून अधिक माणसे गेली आणि टाक्या कित्येक दिवस जळत राहिल्या.

शांत हवा म्हणजे सुरक्षित हवा असे आपण समजतो. पण थंडीच्या संध्याकाळी कोणी पाचट पेटवले तर धूर वर न जाता धुऱ्याधुऱ्याने कसा सपाट पसरतो हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले आहे. वाफेचेही तसेच. आपला गळीत हंगाम नेमका थंडीतला. आणि लक्षात घ्या, वारा अगदी पडलेला असेल तर अलोहासारख्या सोप्या सॉफ्टवेअरचे उत्तर धरता येत नाही. म्हणजे सर्वांत वाईट रात्रीचे उत्तर फुकटच्या अवजाराने मिळत नाही. अभ्यासावर पैसे खर्च करावे लागतात त्याचे हे एक खरे कारण आहे.

६. आपल्या कारखान्यातील चार जागा

*साखरेची धूळ.* ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थ येथे इम्पीरियल शुगर या कारखान्यात स्फोट होऊन १४ कामगार मेले आणि ३६ जखमी झाले. सायलोखालच्या साखर वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर आदल्या वर्षी पत्र्याचे झाकण घातले होते. साखरेत घाण पडू नये हा हेतू चांगलाच होता. पण आत धूळ कोंडली आणि बहुधा तापलेल्या बेअरिंगने ती पेटली. पहिला स्फोट लहान. त्याच्या धक्क्याने तुळयांवर, मजल्यांवर, यंत्रांवर वर्षानुवर्षे बसलेली धूळ उडाली आणि दुसरे, तिसरे स्फोट इमारतीभर पळत गेले. खरा घात त्यांनी केला.

एक साधे गणित करू. धुळीचा थर १ मिलिमीटर आहे असे धरा. सैल धूळ घनमीटरला सुमारे ५०० किलो भरते. म्हणजे एका चौरस मीटरवर अर्धा किलो, अर्थात ५०० ग्रॅम धूळ आहे. खोलीची उंची ५ मीटर. ती सारी धूळ उडाली तर दर घनमीटरला १०० ग्रॅम झाली. बारीक साखर-धुळीचा स्फोट होण्यास साधारण एवढे प्रमाण पुरते. बोट फिरवले तर जेमतेम रेघ उमटेल एवढ्या थरात ही ताकद आहे. म्हणून साखरघरातील केरसुणी हे सुरक्षेचे साधन आहे. कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवून ‘सफाई’ करणे मात्र कधीही नको.

*इथेनॉल.* त्याची वाफ साधारण १३ अंश तापमानापासूनच पेट घेण्याजोगी होते. हवेत तिचे प्रमाण ३.३ ते १९ टक्के असेल तर ती पेटते. येथे पेट्रोल आणि इथेनॉल यांत मोठा फरक आहे. पेट्रोलच्या टाकीत द्रवाच्या वर वाफ इतकी दाट असते की बहुतेक वेळा टाकीच्या आत पेटायला पुरेशी हवाच नसते. इथेनॉलच्या टाकीत मात्र १३ पासून चाळीस अंशांच्या आसपासपर्यंत वरची पोकळी नेमकी पेटण्याजोगीच असते. नागपूरकडे वर्षाचा बहुतेक काळ म्हणजे हाच पट्टा. म्हणून टाकीच्या श्वासनळीवर फ्लेम अरेस्टर, चांगले अर्थिंग, टँकर भरताना जोडणी, या गोष्टींत ‘उद्या करू’ चालत नाही. इथेनॉलची ज्योत फिकट निळी असते, भर उन्हात ती नीट दिसतही नाही. आणि साधा फोम अल्कोहोलवर फाटून जातो. अल्कोहोलला टिकणारा वेगळा फोमच लागतो.

*बायोगॅस.* यातला मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की स्फोट होतो. ‘टाकी रिकामी आहे’ हे वाक्य फार घातक आहे. द्रव काढला म्हणजे वायू गेला असे होत नाही. टाकीवर किंवा टाकीजवळ वेल्डिंग करायचे तर आधी वायुमापकाने मोजणी, मग लेखी परवाना, मगच काम. बेल्याची आठवण ठेवावी.

*बगॅस.* ताज्या बगॅसमध्ये निम्मे पाणी असते, तरी मोठा ढीग आतून तापतो. आग पोटात धुमसत राहते आणि वरून कळत नाही. येथे नक्कल-गणिताचा उपयोग ढीग केव्हा पेटेल हे सांगण्यासाठी फारसा नाही. पेटलाच तर धूर व ठिणग्या कोठे जातील, दोन ढिगांत किती अंतर हवे, बंब कोणत्या वाटेने यावा, हे ठरवण्यासाठी आहे.

७. संगणकाला काय कळत नाही

संगणकाला आपण जे सांगू तेवढेच कळते. नकाशात दरवाजा उघडा दाखवला आणि प्रत्यक्षात त्याला कुलूप असले तर संगणकातली माणसे बाहेर पडतील, खरी माणसे पडणार नाहीत. नकाशावर रस्ता सहा मीटर दाखवला आणि हंगामात त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची दुहेरी रांग असली तर बंब यायचा कोठून? केन यार्डात रात्री बंड्यांखाली माणसे झोपतात, कोणी चूल पेटवतो, कोणी बिडी. हे इंजिनिअरांच्या नकाशात कधीच नसते. हे शेतकी खात्याला माहीत असते, चिटबॉयला माहीत असते, मुकादमाला माहीत असते.

म्हणून अभ्यास करणारे लोक आले तर त्यांना फक्त ऑफिसात बसवून नकाशे देऊ नयेत. जानेवारीतल्या एका रात्री बारा वाजता यार्डात हिंडवावे. आणि त्यांनी रिपोर्ट दिला की चार प्रश्न विचारावेत. वारा कोणत्या महिन्यांचा धरला? शांत हवेचा प्रसंग धरला का? खोके लहान करून उत्तर बदलते का ते पाहिले का? माणसे कोठे धरली?

रंगीत चित्रे पाहून भुलू नये. लाल-पिवळी ज्वाला पडद्यावर खरी वाटते, पण ती खरी आहे असे नाही. जाणकार माणूस एकच आकडा देत नाही. कमी-जास्तीचा अंदाज देतो आणि कमीतकमी कोठे उभे राहू नये हे ठामपणे सांगतो.

८. त्या प्रश्नाचे उत्तर

आता वडीलधाऱ्या सभासदांच्या प्रश्नाकडे येऊ. कंप्युटरने आग विझत नाही. आग पाण्याने, फोमने आणि माणसांच्या धैर्याने विझते. कंप्युटर एवढेच सांगतो की ती लागेल तेव्हा कोणी कोठे असू नये. टाकी बांधण्याआधी हे कळले तर टाकी सरकवण्याचा खर्च म्हणजे कागदावरची एक रेघ पुसणे. बांधल्यावर कळले तर तो खर्च लाखांचा. आणि आगीनंतर कळले तर हिशेब रुपयांत होत नाही.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटले. त्या जहाजात स्फोटके होती आणि कापसाच्या गाठीही होत्या. विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे अनेक जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो. कापूस एकटा वाईट नाही. स्फोटकेही नीट ठेवली तर आपापल्या जागी शांत राहतात. वाईट असतो तो शेजार. कारखान्यातील सुरक्षेचा निम्मा विचार म्हणजे कोणाशेजारी काय ठेवायचे याचा विचार आहे.

नव्या टाक्यांच्या अभ्यासाचा निर्णय संचालक मंडळ आणि सभा घेईल. आमच्या हातात जे आहे ते आम्ही केले आहे. येत्या हंगामासाठी कोप्यांची जागा बगॅस यार्ड आणि आसवनी यांच्यापासून दूर, आणि थंडीचा व उन्हाळ्याचा असे दोन्ही वारे लक्षात घेऊन बाजूच्या अंगाला, नव्याने आखली आहे. अडचण एकच. ती जागा कारखान्याची नाही. रस्त्याकाठच्या काही सभासदांच्या वावरांतली आहे. पाच महिन्यांसाठी ती वापरायला मिळावी, अशी आमची विनंती आहे. पाण्याची लाइन कारखाना टाकून देईल असे मा. कार्यकारी संचालकांनी मान्य केले आहे. नळ लांब पडतो म्हणून जुनीच जागा बरी, असे काही मुकादमांचे म्हणणे आहे. त्यांना आम्ही ती मार्चची रात्र सांगितली. सभासदांनीही सांगावी. टोळी परमुलखातून येते, आपला ऊस तोडते. तिची मुले रात्री निर्धास्त झोपली पाहिजेत, ही जबाबदारी आपली आहे.

जागा देऊ इच्छिणाऱ्या सभासदांनी गटनंबरासह आपले नाव गट ऑफिसात पोळ्यापूर्वी द्यावे.

उजळणीसाठी प्रश्न

(घरातील शिकत्या मुलामुलींकडून सोडवून घ्यावेत.)

१. खोक्याची बाजू निम्मी केली तर संगणकाचे काम किती पट होते, आणि का?

२. खोलीची उंची ४ मीटर आहे. जमिनीवर १ मिलिमीटर साखर-धूळ आहे. ती सर्व उडाली तर दर घनमीटरला किती ग्रॅम होईल? (उत्तर : १२५ ग्रॅम)

३. इथेनॉलच्या टाकीची वरची पोकळी पेट्रोलच्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची का?

४. थंडीतील शांत रात्र वाफेच्या दृष्टीने वाईट का? पाचटाच्या धुराचे उदाहरण देऊन सांगा.

५. आपल्या घराजवळ, गोठ्याजवळ आणि कडब्याच्या गंजीजवळ कोणाचा शेजार कोणाला आहे याची यादी करा. त्यातले काय सरकवता येईल?

पाचव्या प्रश्नाला संगणक लागत नाही. सुरुवात तेथूनच करावी.